वाळवी आणि शेणकिडा : एक तुलना



पेठ-सुरगाण्याच्या सागाच्या रानात वाळवी आणि शेणकिडा दोघेही एकच काम करतात : टाकाऊ ते मातीत घालणे. वाळवी वारुळात राणीच्या राज्यात हजारोंनी राहते. लाकूड-पाचोळा आणून त्यावर बुरशी वाढवते व ती खाते. शेणकिड्याला ना राणी ना वारूळ. काही जाती शेणाचे गोळे गडगडत नेऊन पुरतात, काही शेणाखालीच बीळ करतात. मादी त्या शेणात अंडी घालते. बिळांमुळे माती भुसभुशीत होते, पाणी मुरते.

उसात मात्र दोघांचे रस्ते वेगळे. वाळवी टिपरीच्या कापलेल्या टोकातून शिरते, गर खाते, आत माती भरते. डोळे मरतात, नांग्या पडतात. शेणकिडा उसाला तोंड लावत नाही.

कच्चे शेणखत म्हणजे वाळवीला आवतणच. म्हणून आमचे सांगणे एवढेच : खत पूर्ण कुजवूनच घाला, बांधावरचे वारूळ खणून राणी नष्ट करा, पाण्याचा ताण पडू देऊ नका, बेणेप्रक्रियेचे औषध गट ऑफिसात विचारून घ्या. किडा दिसला की पावडर, ही सवय सोडा. बी.एच.सी. तर १९९७ पासून बंदच आहे. शेणाखालचा काळा किडा म्हणजे आपला बिनपगारी गडी, त्याला मारू नका.