ध्रुवप्रदेशांचा नकाशा : संत्र्याच्या सालीवरून एक पाठ

प्राथमिक शाळेच्या भिंतीवरील जगाचा नकाशा बहुधा आयताकृती असतो. त्याच्या माथ्यावर ग्रीनलंड अवाढव्य दिसते आणि तळाशी अंटार्क्टिका ही केवळ एक लांब पांढरी पट्टी. मुले जे पाहतात तेच खरे मानतात. ‘दक्षिण ध्रुव म्हणजे जगाची खालची कड’ ही समजूत एकदा रुजली की वरच्या वर्गांतही सहसा जात नाही. म्हणून या पाठाचा आरंभ गोल वस्तूने करावा.

पृथ्वीगोल नसला तरी अडत नाही. अंबिया बहराच्या दिवसांत अमरावतीच्या राजापेठेत हातगाडीवर मिळणारे संत्रे या कामी उत्तम. त्याची साल सैल असते. देठ हा उत्तर ध्रुव, विरुद्ध टोक हा दक्षिण ध्रुव. मध्यावर शाईने विषुववृत्त काढावे. मग देठापासून टोकापर्यंत उभ्या चिरा देऊन साल सोलावी आणि तिच्या पाकळ्या पाटीवर शेजारी शेजारी मांडाव्यात. (आतल्या फोडी पाठ संपल्यावरच वाटाव्यात, हे अनुभवी शिक्षकांस सांगणे नलगे.) पाकळ्या मध्यावर जुळतात, टोकांशी मात्र फटी राहतात. आयताकृती नकाशा करणाऱ्यास या फटी साल ताणूनच बुजवाव्या लागतात. ६० अंशांचे अक्षवृत्त विषुववृत्ताच्या निम्मेच असते. मर्केटरच्या नकाशात दोन्ही रेघा सारख्याच लांबीच्या होतात. वस्तुतः ग्रीनलंड भारताच्या सुमारे दोन तृतीयांश आहे, आणि ती पांढरी पट्टी म्हणजे भारताच्या चौपटीहून मोठे, गोलसर खंड होय.

मर्केटरच्या पद्धतीत ध्रुव दाखविताच येत नाही. म्हणून १५६९ च्या आपल्या नकाशाच्या कोपऱ्यात त्याने उत्तर ध्रुवाचे निराळे चित्र दिले : मधोमध काळा खडक, भोवती चार मोठी बेटे. तेथे कोणी गेलेले नव्हते. १८९३ मध्ये नान्सेनने ‘फ्राम’ हे जहाज मुद्दाम बर्फात गोठू दिले. ते जवळजवळ तीन वर्षे बर्फाबरोबर वाहत राहिले, आणि त्या बर्फाखाली हजारो मीटर खोल समुद्र आढळला. दक्षिणेस कुकने १७७३ मध्ये ध्रुववृत्त ओलांडले, पण खंड त्यास दिसले नाही. त्याने नकाशावर आपल्या जहाजाचा मार्ग दाखविला आणि आतील जागा कोरी सोडली. हे दोन्ही नकाशे फळ्यावर शेजारी शेजारी काढावेत. मुलांना बेटांचे चित्रच अधिक आवडेल. कुकने कोरी जागा का ठेवली, हे त्यांनाच विचारावे.

१४ डिसेंबर १९११ रोजी आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला. पाठ येथेच थांबवू नये. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. १९८३-८४ मध्ये उभारलेले ‘दक्षिण गंगोत्री’ केंद्र समुद्रावर तरंगणाऱ्या हिमथरावर होते. ते हळूहळू बर्फात गाडले गेले. पुढे खडकाळ भूमीवर ‘मैत्री’ (१९८९) आणि दूर पूर्वेस ‘भारती’ (२०१२) ही केंद्रे झाली. शाळेतील जुन्या नकाशापुस्तकात ‘दक्षिण गंगोत्री’ एवढेच नाव असेल, तर ही दोन नावे मुलांकडून पेन्सिलीने लिहून घ्यावीत.