डेक्कन जिमखान्याचें उन्नत स्थानक

बारामती-इंदापूरकडून एस्. टी.नें स्वारगेटास उतरणाऱ्या विद्यार्थ्यास २९ सप्टेंबर २०२४ पासून तेथेंच भुयारी मेट्रो मिळते. जिल्हा न्यायालय स्थानकांत सुमारें ३३ मीटर खोलीवरून तो वर येतो व वनाजकडील उन्नत गाडी धरून डेक्कन जिमखान्यास पोंचतो. १९०६ सालीं स्थापन झालेल्या क्रीडासंस्थेवरून या भागास हें नांव पडलें. स्थानकाचें छप्पर मावळ्याच्या पगडीसारखें आहे.

उन्नत म्हणजे खांबांवर उचललेलें. दाट वस्तींत रूळ जमिनीवर टाकल्यास घरें पाडावीं लागतात, रस्ते तुटतात. भुयारास खर्च फार. खांबांस मात्र जागा थोडी पुरते.

तरी थोडी जागाहि कोणाची तरी असतेच. येथें ती मुठेच्या पात्रालगत घेतली गेली. पुराचें पाणी अडेल व नदीस अपाय होईल, या चिंतेनें कांहीं नागरिक २०१६ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेले. काम पुढें पुरें होऊन १ ऑगस्ट २०२३ रोजीं हा मार्ग खुला झाला.

दुसरी गोष्ट पायीं चालणाऱ्याची. गाडी वाऱ्यासारखी धांवली, तरी तिच्यापर्यंत जाणें पायांनींच घडतें. वृद्धास, अपंगास रस्ता निर्भयपणें ओलांडतां यावा, उद्वाहक जवळ सांपडावा, तरच उंच फलाट त्याच्या उपयोगाचा.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, उंच बांधकाम पाहतांना दृष्टि खालींहि वळवावी. त्यानें भूमि कोणाची घेतली व वाट कोणास दिली, हे दोन प्रश्न विचारल्यावांचून त्याची थोरवी ठरवूं नये.