तापाची गोळी जास्त गेली तर : पहिले आठ तास

घरातला औषधांचा डबा आज एकदा उघडून बघा. क्रोसिन, कालपोल, डोलो, कॉम्बिफ्लाम, सिनारेस्ट यांपैकी दोन-तीन तरी निघतीलच. नावे वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या. पण पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचली तर या सगळ्यांत एक औषध सारखे आहे, पॅरासिटामॉल. ताप, अंगदुखी, डोकेदुखी, दाढदुखी, सगळ्याला आपण घेतो ती हीच गोळी. योग्य मात्रेत ती चांगली सुरक्षित आहे, गरोदर बाईलाही डॉक्टर बहुधा हीच देतात. मग तिच्यावर अख्खा लेख कशाला, असे कुणी विचारील. मात्रा ओलांडली की हीच गोळी लिव्हर निकामी करते. तिच्यावर उतारा आहे, तो जवळजवळ पन्नास वर्षांपासून माहीत आहे, आणि तरीही माणसे उताऱ्याची वेळ टळून गेल्यावर आय.सी.यू.त पोहोचतात. म्हणून हा लेख.

ही गोळी 1950 च्या दशकात सर्रास वापरात आली. तिच्यामुळे लिव्हर जाऊ शकते हे लगेच कळले नाही. 1966 साली स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरातील डॉक्टरांनी जास्त गोळ्या घेतल्यावर लिव्हर नासून दगावलेल्या रुग्णांची नोंद ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली, तेव्हा जगाचे लक्ष गेले. हे का होते याचे उत्तर 1973 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दिले. पॅरासिटामॉल पोटात गेले की लिव्हर त्याचा निचरा करते. त्या कामात थोडासा विषारी घटक तयार होतोच. लिव्हरमध्ये ग्लुटाथायोन नावाच्या पदार्थाचा साठा असतो, तो या विषाला धरून निष्प्रभ करतो. दोन गोळ्या घेतल्या तर साठा पुरून उरतो. खूप गोळ्या एकदम गेल्या, किंवा थोड्या थोड्या जास्त करून दोन-तीन दिवस जात राहिल्या, की साठा संपतो. मग मोकळे सुटलेले विष लिव्हरच्याच पेशी मारू लागते.

साठा संपणे हेच कारण असेल तर साठा भरून देणे हाच उपाय, हे त्यातून उघड झाले. एडिनबराचे डॉ. लॉरी प्रेस्कॉट यांनी आधी एक औषध वापरून पाहिले. त्याने लिव्हर वाचत होते, पण रुग्णाला ओकाऱ्या फार होत. मग त्यांनी एन-ॲसिटाइलसिस्टीन शिरेतून द्यायला सुरुवात केली. हे औषध नवे नव्हते, छातीतला घट्ट कफ पातळ करायला ते आधीपासून वापरात होते. शरीरात गेल्यावर त्यापासून ग्लुटाथायोन पुन्हा तयार होते.

1979 साली प्रेस्कॉट यांनी 100 रुग्णांचा अहवाल छापला. त्यातले आकडे नीट वाचा. गोळ्या घेतल्यापासून 10 तासांच्या आत ज्या 62 जणांना उतारा सुरू झाला, त्यांच्यातल्या फक्त एकाचे लिव्हर गंभीर बिघडले. आधीच्या काळात उताऱ्याशिवाय नुसती देखभाल मिळालेल्या 57 जणांत 33 जणांचे बिघडले होते. आठ तासांच्या आत सुरू केला तर जवळजवळ पूर्ण संरक्षण मिळाले. त्यानंतर फायदा तासातासाने कमी होत गेला. जुन्या रुग्णांशी केलेली तुलना ही शास्त्राच्या दृष्टीने थोडी कच्ची असते, पण बासष्टात एक आणि सत्तावन्नात तेहतीस हा फरक एवढा मोठा आहे की त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता ज्या गोष्टीमुळे घात होतो ती. जास्त गोळ्या गेलेला माणूस पहिल्या दिवशी आजारी दिसत नाही. थोडी मळमळ, एखाद-दुसरी उलटी, घाम, कधी तेही नाही. तो बोलतो, चहा पितो, झोपतो. बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी उलटी थांबते आणि घरचे म्हणतात, "टळलं." त्याच वेळी आत लिव्हरच्या पेशी मरत असतात. मग उजव्या बरगडीखाली दुखू लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात, माणूस असंबद्ध बोलतो, हिरड्यांतून रक्त येते, लघवी कमी होते. झोपेच्या गोळ्यांनी माणूस गुंगीत जातो, ढेकण्या औषधाने तोंडाला फेस येतो, म्हणून लोक धावपळ करतात. इथे धावपळ करायला लावणारे काहीच दिसत नाही. म्हणून लक्षणांची वाट बघायची नाही. जास्त गेली एवढे कळणे पुरे.

उशीर झाला तरी घरी ठेवू नका. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये 1991 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिव्हर पूर्ण निकामी झालेले 50 रुग्ण घेतले होते. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून निम्म्यांना उतारा दिला, निम्म्यांना दिला नाही. बाकी आय.सी.यू.ची सेवा दोघांनाही सारखीच होती. उतारा मिळालेल्या 25 पैकी 12 जगले, न मिळालेल्या 25 पैकी 5. मेंदूला सूज येण्याचे आणि रक्तदाब कोसळण्याचे प्रमाणही पहिल्या गटात कमी होते. तेव्हापासून उशिरा आलेल्यालाही उतारा देतात. पण बाराही आकडा निम्म्याहून कमीच आहे. आठ तासांच्या आत जे काम एका सलाईनने होते, त्यासाठी चौथ्या दिवशी व्हेंटिलेटर, डायलिसिस, दर काही तासांनी साखर आणि रक्त गोठण्याची तपासणी लागते. काहींना लिव्हर बदलण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि तो खर्च आपल्यापैकी किती घरांना झेपेल हे आम्ही लिहायची गरज नाही.

जास्त गोळ्या नेहमी जाणूनबुजूनच जातात असे नाही. दाढ ठणकते, डेंटिस्टला द्यायला पैसे नाहीत, बिगारीची पाळी बुडवता येत नाही, मग सकाळी कॉम्बिफ्लाम, दुपारी डोलो, रात्री सर्दीची गोळी. तीन नावांनी एकच औषध पोटात गेले. धडधाकट मोठ्या माणसाला 24 तासांत 500 ची आठ गोळ्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि दोन वेळांत किमान चार तास हवेत. यात सगळ्या पाकिटांतले पॅरासिटामॉल एकत्र मोजायचे. वजन कमी असलेल्या, उपाशी राहणाऱ्या, रोज दारू पिणाऱ्या किंवा लिव्हरचा आजार असलेल्या माणसाचा साठा आधीच अपुरा असतो, त्याची मर्यादा याहून कमी. ती डॉक्टरांना विचारून ठरवा. लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. तान्ह्या बाळाच्या थेंबांच्या बाटलीतले औषध पातळ सिरपपेक्षा चौपट कडक असू शकते. सिरपचे माप थेंबांच्या बाटलीला लावू नका. बाटलीवर एका मि.ली.त किती मि.ग्रॅ. ते वाचा, वाचता येत नसेल तर आशाताईंकडून वाचून घ्या.

मात्र वस्तीत जे लपवले जाते ते दुसरेच आहे. घरात भांडण झाले, परीक्षेचा निकाल लागला, सासरी बोलणी बसली, आणि रागाच्या किंवा दुःखाच्या भरात कुणी गोळ्या घेतल्या. घरचे कॅज्युअल्टीत येऊन सांगतात, "काहीतरी बाहेरचं खाल्लं, उलट्या होतायत." पोलीस केसची भीती, मुलीच्या लग्नाची काळजी, शेजाऱ्यांची तोंडे. डॉक्टर उलटीचे इंजेक्शन देऊन घरी पाठवतात आणि आठ तास तिथेच संपतात. आम्ही नोकरीत असताना असे कितीतरी वेळा पाहिले आहे.

कायदा काय म्हणतो ते सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चे कलम 115 असे सांगते की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरायचे, तिला शिक्षा करायची नाही, उलट तिला उपचार आणि पुनर्वसन देणे सरकारचे कर्तव्य आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने 309 कलम त्या रूपात उरलेले नाही. हॉस्पिटल पोलिसांना कळवील, जबाब घेतला जाईल, ती नोंद असते. आणि पोलीस येईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात 1989 सालीच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की जीव वाचवणे हे सरकारी काय, खाजगी काय, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे. कुणी "आधी पोलीस आणा" म्हणाले तर हे नाव घ्या.

108 ला फोन करा किंवा मिळेल त्या रिक्षाने निघा. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका, त्यात वेळ जातो आणि श्वासनलिकेत पाणी जाण्याचा धोका असतो. रिकामी पाकिटे, बाटल्या पिशवीत घाला. कॅज्युअल्टीत पहिल्याच वाक्यात सांगा, कोणती गोळी, किती, किती वाजता, एकदम की थोडी थोडी, सोबत दारू किंवा दुसरे औषध होते का. वेळ इतकी महत्त्वाची का, तर रक्तातले पॅरासिटामॉल चार तासांनंतर मोजून एका आलेखावर बघतात आणि उतारा लागेल का ते ठरवतात. 1975 साली रुमॅक आणि मॅथ्यू या डॉक्टरांनी तो आलेख दिला. वेळ खोटी सांगितली की आलेख खोटे उत्तर देतो. थोड्या थोड्या करून गोळ्या गेल्या असतील तर तो आलेख चालतच नाही, तेव्हा तेही सांगा. ही तपासणी सगळीकडे होत नाही, म्हणून शक्यतो मेडिकल कॉलेजच्या किंवा मोठ्या सरकारी हॉस्पिटलकडे जा. पाठवणी होत असेल तर "उतारा इथेच सुरू करता येईल का?" एवढे जरूर विचारा.

उताऱ्याची जुनी पद्धत सुमारे 21 तास चालते. सुरुवातीला अंगावर लाली, खाज, कधी धाप लागते. सिस्टरला लगेच सांगा, सलाईन थांबवून, औषध देऊन पुन्हा हळू सुरू करता येते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एडिनबरासह ब्रिटनमधल्या तीन हॉस्पिटलांत 12 तासांची पद्धत तपासली गेली, तिच्यात असा त्रास कमी झाला. पण पद्धत कोणतीही असो, "आता बरी आहे, सोडा" म्हणत सह्या करून अर्ध्यावर घरी नेऊ नका. बरी दिसणे म्हणजे काय ते वर लिहिलेच आहे.

ब्रिटनने 1998 साली एका वेळी विकायच्या गोळ्यांवर मर्यादा घातली, औषधाच्या दुकानात 32, इतर दुकानांत 16. पुढच्या अकरा वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये या गोळीने होणारे मृत्यू 43 टक्क्यांनी घटल्याचे ऑक्सफर्डच्या संशोधकांना आढळले. कारण त्या क्षणी हाताशी काय आणि किती आहे यावर फार अवलंबून असते. तो क्षण टळला की बहुतेक माणसे सावरतात. आपल्या घरात हे आजच करता येईल. लागेल तेवढ्याच गोळ्या आणा, उरलेल्या कुलपात ठेवा, घरात कुणी खचलेले असेल तर किल्ली दुसऱ्याकडे द्या. आणि हॉस्पिटलमधून परत आलेल्या लेकराला "आमची अब्रू घालवलीस" म्हणू नका, जवळ बसा, काय झाले ते विचारा, एकटे सोडू नका. बोलायला बाहेरचे माणूस हवे असेल तर सरकारच्या टेलि-मानसचा क्रमांक 14416 आहे. रात्री-अपरात्रीही फोन लागतो, मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत.