गाडीच्या आधी रस्ता बघ

धारहून पिथमपूरला रोज जायचं म्हणजे तुला गाडी लागणारच, आणि लहान गाडी घ्यायचा तुमचा विचार अगदी बरोबर आहे. जावईबापूंनी पाच गाड्या वहीत मांडल्या आहेत आणि पुढे किंमत, ॲव्हरेज, डिक्की, पॉवर असे रकाने आखलेत, असं तू म्हणालीस. तो तक्ता फाडू नका. फक्त त्यात पहिला रकाना वाढवा, तुझ्या रस्त्याचा. देवास-इंदूरच्या सहापदरीवर सगळ्याच गाड्या छान पळतात. मांडवगडच्या चढावर चार माणसं, सामान आणि चालू एसी घेऊन कोण चढतं, आणि घाटाबिल्लोदकडून येताना ट्रकच्या रांगेतून कोण सुरक्षित घरी आणतं, हे तक्ता सांगत नाही.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह तुझ्या अटींवर घे. शोरूमचा माणूस गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून आणतो आणि गाणी लावतो. गाणी बंद करायला सांग. घरची चार माणसं बसव, एसी दोनवर ठेव आणि चढावर गाडी पूर्ण थांबवून पुन्हा उचलून बघ. क्लच किती वर आल्यावर पकडतो, गाडी मागे किती सरकते, पाय किती दुखतो, ते तिथेच कळतं. मग खड्ड्यांचा रस्ता धर. सासूबाईंना मागच्या सीटवर बसायला आणि उतरायला लाव. त्यांच्या गुडघ्यांना जे पटेल ते कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं. वॅगन आरची सीट उंच आहे, तिथे त्या अलगद बसतील. ऑल्टोत त्यांना खाली वाकावं लागेल.

पाचही गाड्या मी जवळून बघितल्या आहेत, तेव्हा माझं मत सांगतो. ऑल्टो के10 हलकी, 998 सीसीची, गल्लीबोळात हातात खेळवावी अशी, आणि तिचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानातही मिळतात. पण डिक्की 214 लिटरची, म्हणजे दोन बॅगा गेल्या की संपली. वॅगन आरची 341 लिटरची. क्विड जमिनीपासून 184 मिलिमीटर उंच आहे, टियागो 170. आपल्याकडच्या खेड्यांच्या रस्त्यांवर हे जवळजवळ दीड सेंटिमीटर जाणवतात. ग्रँड आय10 निऑसचं इंजिन चार सिलिंडरचं, त्यामुळे सिग्नलला उभी असताना थरथर कमी. टियागोचं 1199 सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं आहे, उभ्या गाडीत ते हाताला लागतं. पण चढावर त्याच्यात दम आहे, आणि तुझा रस्ता बघता मी टियागोकडे झुकतो, ते एका वेगळ्याच कारणानं.

ते कारण म्हणजे गाडीचा सांगाडा. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत टियागोला जानेवारी 2020 मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. निऑसला त्याच वर्षी दोन, तर एप्रिल 2023 मध्ये ऑल्टो के10ला दोन आणि वॅगन आरला एक. ऑल्टोत आता सहा एअरबॅगा येतात ही चांगली गोष्ट आहे, पण एअरबॅग म्हणजे सांगाडा नव्हे. शोरूममध्ये ‘एअरबॅग किती’ एवढंच विचारून थांबू नको. चाचणी कोणत्या साली झाली, कोणत्या मॉडेलची झाली, हेही विचार. ऑक्टोबर 2023 पासून आपली भारत एनकॅप चाचणीही सुरू झाली आहे, तिचा निकाल असेल तर तो आधी बघ. गावात भाजी आणण्यापुरती गाडी हवी असती तर मी एवढा हट्ट धरला नसता. तू रोज ट्रकांमधून जाणार आहेस, पोरी. पाच-पन्नास हजार वाचवायचे तर म्युझिक सिस्टिममध्ये वाचव, अलॉय व्हीलमध्ये वाचव.

ॲव्हरेजबद्दल. तुमच्याच धार जिल्ह्यात, पिथमपूरजवळ, नॅट्रॅक्स या गाड्या तपासणाऱ्या केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, 2021 मध्ये सुरू झालेला. तिथे गाड्या कठोर तपासल्या जातात. पण जाहिरातीतला ॲव्हरेजचा आकडा रस्त्यावरचा नसतो. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी करून, ठरलेल्या वेगानं चालवून तो काढतात. त्यात ना ऊन, ना एसी, ना घाटाबिल्लोदची कोंडी. त्या आकड्यावर दोन गाड्या एकमेकींशी ताडून बघ, पण महिन्याचा खर्च काढू नको. गाडी आली की खरा आकडा तूच काढ : टाकी ऑटो-कटपर्यंत भर, ट्रिप मीटर शून्यावर आण, आठवडाभर चालव आणि त्याच पंपावर पुन्हा ऑटो-कटपर्यंत भर. किलोमीटरना लिटरनं भाग. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, तेव्हा आकडा थोडा खाली आला तर लगेच मेकॅनिककडे धावू नको.

सीएनजी घ्यावी का, हा हिशेब जावईबापूंनी भावनेवर सोडला आहे. तो असा करा. समजा, पेट्रोलपेक्षा सीएनजी गाडी 90 हजारांनी महाग आहे आणि किलोमीटरमागे दोन रुपये वाचतात. म्हणजे 45 हजार किलोमीटर झाल्यावर पैसे फिटले. रोजची पिथमपूरची ये-जा धरली तर हे दोन वर्षांच्या आत होतं. नुसत्या रविवारच्या फिरण्यासाठी घेतली असती तर सात-आठ वर्षं लागली असती. फक्त पंप तुझ्या वाटेवर हवा. रोज अर्धा तास रांगेत गेला तर ती बचत उरत नाही. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते, हेही लिहून ठेव. डिक्की जाते म्हणून घाबरला असाल तर टाटाच्या जुळ्या छोट्या सिलिंडरांची मांडणी बघा, सामानाला जागा राहते.

किंमत नव्यानं विचार. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर 28 ऐवजी 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणून आधीच्या कोटेशनना अर्थ नाही. आणि भाव नेहमी ऑन-रोडच विचारायचा. विमा शोरूममधूनच घ्यायला हवा असं कुणी म्हणालं तर मानू नको, बाहेरून दोन कोटेशन आण. जावईबापूंच्या जुन्या गाडीवर क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस त्यांचा आहे, गाडीचा नाही. जुनी विकताना तो राखून ठेवायचं पत्र घ्या आणि नवी गाडी त्यांच्या नावावर असेल तर तिला लावा. लोक हजारो रुपये असे सोडून देतात.

हात तंग असेल आणि इंदूरहून सेकंड-हँड घ्यायची झाली, तर सकाळी जा, इंजिन थंड असताना. विकणाऱ्यानं आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी येते म्हणावं. सीट-बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. वरचा हातभर पट्टा सगळेच पुसतात, पण गाडी पुरात बुडालेली असेल तर आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची पिवळसर रेघ राहते. डिक्कीतली मॅट उचलून स्टेपनीच्या खाचेत बोट फिरव, गंज लागतो का बघ. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात. 2319 असेल तर टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातलं. चार चाकांवर चार वेगळी सालं दिसली तर का, ते विचार.

चालवण्याबद्दल तीनच गोष्टी. गणपती घाट तुला माहीत आहे. ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन तिथे इतके जीव गेले की नवा रस्ता काढावा लागला. कुठलाही घाट उतरताना न्यूट्रल करायचं नाही, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनानं गाडी धरायची आणि ब्रेक अधूनमधून लावायचा. पावसाळ्यात रपट्यावर पाणी असेल तर समोरचा गेला म्हणून जायचं नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नको. इंजिनात पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात ते सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. सोयाबीन निघण्याच्या दिवसांत रात्री वेग कमी ठेव. रस्त्यावर पीक पसरलेलं असतं आणि नीलगाय आडवी येते. त्याच दिवसांत उंदीरही बोनेटमध्ये घुसून वायरी कुरतडतात, तेव्हा दोन दिवस गाडी उभी राहिली तर बोनेट उघडून बघितल्याशिवाय चालू करू नको.

गाडी मिळाली की आधी माताजीच्या टेकडीखाली नारळ फोडायला देवासला या, मामी वाट बघतेय. त्याच दिवशी आमच्या अंगणात जॅक लावून स्टेपनी स्वतः बदल, मी बाजूला उभा राहीन. आणि कर्ज फिटेल तेव्हा बँकेची एनओसी कपाटात ठेवून देऊ नको. तिला मुदत असते. फॉर्म 35 भरून धारच्या आरटीओत आरसीवरचं बँकेचं नाव लगेच काढून घे, नाहीतर विकायच्या वेळी त्या एका ओळीसाठी महिनाभर चकरा माराव्या लागतात.