लोकप्रतिनिधींशी बोलताना : समलिंगी व तृतीयपंथी नागरिकांचे हक्क



या स्मरणिकेत हा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावतील याची आम्हास कल्पना आहे. परंतु विषय आपल्याला परका नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक शंकांना, समलिंगी संबंधांविषयीच्या शंकेलाही, त्यांनी छापून उत्तरे दिली हा त्यांचा गुन्हा. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. नाशिकला काळाराम मंदिराचा लढा चालला त्याच वर्षांतली ही गोष्ट. बाबासाहेबांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा दाखला दिला आणि ही प्रवृत्ती काहींमध्ये उपजत असते, त्यांनी आपल्या परीने सुख शोधण्यात गैर काही नाही, असा युक्तिवाद केला. खटला हरला, कर्वे यांना दोनशे रुपये दंड झाला. बाबासाहेब तेव्हा मुंबई कायदेमंडळाचे सदस्यही होते. या खटल्यातून त्यांना एकही मत मिळणार नव्हते, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

आता लोकप्रतिनिधींकडेच का जायचे? इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेले कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी, प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते, रद्दबातल केले. त्या निकालात बाबासाहेबांच्या ‘संविधानिक नैतिकते’चा आधार घेतलेला आहे. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि ते काम कायदेमंडळाचे आहे असे सांगितले. म्हणजे प्रश्न न्यायालयातून निघून निवडून आलेल्या माणसाच्या दारात आला. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचविणारे खासगी विधेयक १ एप्रिल २०२२ रोजी लोकसभेत मांडले होते. खासगी विधेयकांचे पुढे बहुधा काय होते ते आपण जाणतोच.

दिल्ली दूर आहे, नगरसेवक जवळ आहे. आम्ही मंडळाचे चौघे एका नगरसेवकांकडे गेलो होतो. माणूस चांगला, चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “साहेब, तुमचं खरं आहे हो. पण माझ्या वॉर्डात अशी मतं किती? पाच? दहा?” मग थोडे थांबून म्हणाले, “आणि टाळ्या वाजवणाऱ्यांचं मी बघतोच की, दिवाळीला साड्या देतो.”

या दोन वाक्यांत सगळा प्रश्न आला. पहिली गल्लत अशी की समलिंगी आणि तृतीयपंथी हे एक नव्हेत. कोणाविषयी ओढ वाटते हा एक भाग झाला, आणि स्वतःला स्त्री मानावे, पुरुष मानावे की दोन्हींहून निराळे, हा दुसरा. शेजारच्या घरातला, नोकरीला जाणारा, लग्नाचे नाव काढताच गप्प बसणारा मुलगा कदाचित पहिल्या प्रकारातला असेल. त्याला साडी नको आहे. बळजबरीने त्याचे लग्न लावले जाऊ नये, एवढेच त्याचे मागणे असू शकते. (आपल्या वधू-वर मेळाव्यात अर्ज घेताना, अर्ज पालकांच्या इच्छेने आहे की मुलाच्या, एवढे तरी आपण विचारतो का?)

दुसरी गोष्ट संख्येची. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या लिंगनोंदीखाली महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्ती नोंदल्या गेल्या. समलिंगी माणसांसाठी रकानाच नव्हता, आणि असता तरी ज्याला आईला सांगता येत नाही तो प्रगणकाला काय सांगणार? शिवाय संविधानाचे कलम १४ किती मते आहेत असे विचारत नाही. आम्ही हे त्यांना सांगितले तेव्हा ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

मतांचीच भाषा हवी असेल तर तीही आहे. सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ गावाने २०१७ साली ज्ञानेश्वर ऊर्फ माऊली कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीस थेट सरपंच निवडले. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, भादली बुद्रुक येथे, अंजली गुरू संजना जान यांचा स्त्रियांसाठी राखीव जागेवरील अर्ज फेटाळला गेला होता. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला आणि त्या निवडूनही आल्या. खेड्यातल्या मतदाराला हे जमले.

लोकप्रतिनिधींकडे जाताना ‘हक्क द्या’ असे मोघम मागू नये, त्यांना करता येईल असे नेमके काम सांगावे. २०२३ च्या निकालानंतर केंद्राने समिती नेमली आणि २०२४ साली काही सूचना निघाल्या. समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील धरावे, ही त्यातली एक. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदारास मृतदेह ताब्यात घेता यावा, ही दुसरी. बँकेत संयुक्त खाते उघडण्यास व जोडीदारास नामनिर्देशित करण्यास कोणतीही आडकाठी नाही, असा खुलासाही ऑगस्ट २०२४ मध्ये झाला. आमचा व्यवसायच बँकेचा असल्याने सांगतो, रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१५ मध्येच सर्व अर्जांत तृतीय लिंगाचा रकाना घालण्यास सांगितले होते. परिपत्रक येते, फाईलला लागते, आणि खिडकीवरच्या माणसाला ते ठाऊकच नसते. रेशन दुकान, महापालिकेचे रुग्णालय, स्मशानभूमी येथे या सूचना पोचल्या का, हे नगरसेवकाला एका फेरीत विचारता येते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

आमदारांपुढे मांडण्याचा विषय वेगळा आणि आपल्या समाजाच्या अगदी जिव्हाळ्याचा. १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्यावे असे म्हटले. परंतु अनुसूचित जातीतील तृतीयपंथी मुलीने करायचे काय? मागासवर्गाच्या वेगळ्या यादीत गेली तर जातीचे आरक्षण सुटते, आणि जातीच्या यादीत राहिली तर तृतीयपंथी म्हणून सोसलेले बाजूला पडते. म्हणूनच समांतर आरक्षणाची मागणी आहे. महिला, दिव्यांग यांच्याप्रमाणे प्रत्येक प्रवर्गाच्या आत तिची जागा हवी. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत असे एक टक्का आरक्षण ठेवले. आमच्या मते विद्यार्थ्यांनी हा मुद्दा अभ्यासून आपापल्या मतदारसंघाच्या आमदारांना लेखी द्यावा.

जाताना तिघे-चौघे जावे, त्यात एखादी भगिनी असावी. कोणाच्याही घरच्या मुलामुलीचे नाव उदाहरणादाखलसुद्धा घेऊ नये. त्यांची ओळख उघड करण्याचा अधिकार आपल्याला नाही. निवेदन एका पानाचे असावे, मागणी एक किंवा दोनच. सूचनांच्या झेरॉक्स प्रती सोबत जोडाव्यात आणि आपल्या प्रतीवर तारीख, सही व आवक क्रमांक घेऊनच कार्यालयातून बाहेर पडावे.