मोत्याच्या तोंडाला वास का येतो?

वस्तीतल्या बैठकीत बाया आधी स्वतःची, मुलांची, सासूबाईंची दुखणी विचारतात. उठता उठता मग एखादी म्हणते, "ताई, आमच्या मोत्याच्या तोंडाला फार वास मारतो हो." बाकीच्या हसतात. पण प्रश्न हसण्यासारखा नाही. आम्ही काही जनावरांचे डॉक्टर नाही. तरी जी माहिती प्रत्येक घरात असायला हवी, तेवढी इथे सांगतो.

पिल्लाला 28 दुधाचे दात असतात. तीन-चार महिन्यांनंतर ते पडू लागतात आणि साधारण सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के दात येतात. मांजराचे पक्के दात 30. माणसासारखी कीड कुत्र्याच्या दाताला क्वचितच लागते. त्याचे खरे दुखणे हिरड्यांचे. खाल्ल्यावर दातांवर चिकट थर बसतो, तो थोड्याच दिवसांत दगडासारखा टणक होतो आणि हिरडीखाली जंतू वाढतात. वास येतो तो या जंतूंचा. पुढे हिरडी सुजते, रक्त येते, दात हलू लागतात.

उपाय साधा आहे. लहान मुलाचा मऊ ब्रश किंवा बोटाला गुंडाळलेली स्वच्छ पट्टी पाण्यात भिजवायची, ओठ वर उचलायचा आणि मागच्या दातांची बाहेरची बाजू हळू घासायची. पिल्लू असतानाच सवय लावा. आधी नुसते ओठाला हात लावू द्या, घासणे नंतर. रोज जमले तर उत्तम, नाहीतर दिवसाआड. आपली टूथपेस्ट नको, कारण कुत्र्याला चूळ भरता येत नाही, तो ती गिळतो. मशेरी तर अजिबात नको. तंबाखू त्याला विष आहे. (आपल्यालाही आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होतात आणि टाळूत, घशात रुततात. दाताला जमलेला दगड चमच्याने किंवा सुईने खरवडू नका. ते काम जनावरांच्या दवाखान्यात भूल देऊन करतात.

दुखणारा कुत्रा बोलत नाही. तो एकाच बाजूने चावतो, चपातीचा तुकडा तोंडातून पडतो, तोंडाला हात लावू देत नाही. डोळ्याखाली सूज आली की लोक म्हणतात, कुणीतरी दगड मारला. पुष्कळदा ती वरच्या दाढेच्या मुळाशी झालेल्या पुवाची असते. अशा वेळी घरच्या डब्यातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते, एक गोळीसुद्धा पुरते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याचे पोट आणि मूत्रपिंड बिघडवतात. आपल्याला चालते ते त्याला चालेलच असे नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. दात दुखणारा कुत्रा गुरगुरला की वस्तीत लगेच ओरड होते, "पिसाळला, मारा!" आणि खरोखर रेबीज झालेला कुत्रा पुष्कळदा गुरगुरतच नाही. त्याचा खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, पाणी गिळता येत नाही. घरच्यांना वाटते घशात हाड अडकले आणि मायेपोटी कुणीतरी त्याच्या तोंडात हात घालते. हे कधीही करू नका. लाळ गळत असेल, जबडा लोंबत असेल तर हाड दिसले तरी हात घालायचा नाही. मुलांना लांब ठेवा, शक्य असेल तर बाहेरून दार लावून घ्या आणि जनावरांच्या डॉक्टरांना कळवा.

रेबीजचा विषाणू लाळेत असतो. दात लागला, ओरखडा आला किंवा खरचटलेल्या हाताला लाळ लागली, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा. नळाला पाणी नसेल तर पिंपातले तांब्याने ओतत राहा. चुना, मिरची, हळद काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस तिथे मोफत मिळते, आणि जखम रक्ताळलेली असेल तर सीरमही लागते. दोन इंजेक्शने घेऊन बरे वाटले म्हणून पुढची चुकवू नका. लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. म्हणून कुत्रा तीन महिन्यांचा झाला की त्याला रेबीजची लस टोचून घ्या आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. लस घेतलेल्या कुत्र्याचेच दात आपण निर्धास्तपणे घासू शकतो.

बकरी पाळणाऱ्यांसाठी थोडेसे. बकरीला वर पुढचे दात नसतातच. पडले म्हणून घाबरू नका. खाली आठ असतात. दोन दाती म्हणजे वर्ष-दीड वर्षाची, आणि आठही पक्के दात चारेक वर्षांनी येतात. म्हातारी बकरी कोरडा चारा टाकून देऊ लागली तर बारीक चिरून, भिजवून द्या. मात्र लाळ गळते आहे, तोंडात फोड आहेत आणि ती लंगडतेही आहे, तर तो दातांचा आजार नव्हे. ते लाळ्या-खुरकूत असू शकते. तिला बाकीच्या बकऱ्यांपासून वेगळी बांधा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा.