मुलांना टाळ्या नकोत, काम द्या

पालकहो, मिस्सा संपली की अंगणात तुमच्यापैकी कुणीतरी मला गाठतंच. ‘टीचर, नाताळच्या कार्यक्रमात आमच्या पोरीला एखादं सोलो द्या ना. आवाज चांगला आहे तिचा.’ आवाज खरंच चांगला असतो. तरी मी लगेच हो म्हणत नाही, आणि त्यावरून काही घरांत माझ्याबद्दल नाराजी आहे, हेही मला ठाऊक आहे. म्हणून आज जरा मोकळेपणानं बोलू या.

आपला धर्मग्राम म्हणजे काही वांद्रे किंवा वसई नव्हे. तिथे एका ऑर्गनमागे चार जण रांगेत उभे असतात. आपल्याकडे कुणी रेल्वेच्या नोकरीनिमित्त कर्जतला आलेलं, कुणी खोपोलीच्या कारखान्यात लागलेलं, कुणी वाडीवरून चालत येणारं ठाकर किंवा कातकरी कुटुंब. घरात कुणी कोंकणी बोलतं, कुणी तमिळ, कुणी मराठी. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी या स्टेशनांवरून येणाऱ्यांची लोकल चुकली की वाचन करायला कोण, इथपासून तयारी. पेटीवाला आजारी पडला तर सगळी स्तोत्रं आपल्याला आपल्याच गळ्यावर पेलावी लागतात. मला विचाराल तर ही आपली अडचण नाही, आपलं भाग्य आहे. मोठ्या चर्चमध्ये हुशार मुलाला संधीची वाट बघावी लागते. इथे मुलाची खरोखर गरज असते. आणि आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे मुलाला लहानपणीच कळणं सोलोपेक्षा कितीतरी मोलाचं.

मत्तयच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, धनी परगावी जाताना चाकरांकडे आपली रक्कम सोपवतो. एकाला पाच तालांत, एकाला दोन, एकाला एक. हा दाखला आपण इतक्यांदा ऐकलाय की एकवाल्याला आपण गरीब बिचारा समजून बसलोय. तसं नव्हतं. त्या काळी एक तालांत म्हणजे मजुराची जवळपास वीस वर्षांची मजुरी. त्याला थोडं मिळालं नव्हतं, तो घाबरला होता, म्हणून त्यानं ते जमिनीत पुरलं. ‘आमच्या मुलात काही विशेष नाही हो’ असं तुम्ही म्हणता तेव्हा मला तोच आठवतो. मुलात काही नसतं असं नाही, आपणच ते जमिनीत पुरून वर माती सारखी करत असतो.

आता वाचनाचंच घ्या. रविवारचं पहिलं वाचन म्हणजे माइकसमोर उभं राहून फाडफाड वाचणं, असा समज आहे. जुलैत पत्र्यावर कर्जतचा पाऊस कोसळत असतो, पंखा घरघरत असतो, आणि मागच्या बाकावरच्या आजीला शब्द पोचवायचा असतो. त्यासाठी मुलानं शनिवारी संध्याकाळी तो उतारा घरात मोठ्यानं वाचावा. वाचता न येणाऱ्या माणसासमोर वाचावा, आजी असेल तर उत्तम. हबक्कूक, नबुखद्नेस्सर ही नावं आधी तोडून म्हणावीत, मग जोडून. वाक्याचा शेवटचा शब्द गिळू नये. आपल्या मुलांची खोड तीच आहे, क्रियापद पोटात जातं. वाचून झाल्यावर आजीला विचारावं, काय कळलं? तिला कळलं तर तयारी झाली. यात मुलाचा आवाज गोड आहे की नाही हा प्रश्नच येत नाही.

आणि हे असं कुणासाठी तरी तयारी करणं वाया जात नाही. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवण्याची जुनी परंपरा होती. हेतू एवढाच की मिस्सेला आणि सणाला वाजवणारे हात मिळावेत. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस याच परंपरेत वाढले. त्यांचे वडील तिथल्या चर्चमध्ये संगीत सांभाळत. पुढे ते मुंबईत आले, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत नावाजले गेले, आणि प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’च्या त्या प्रसिद्ध गाण्यात प्यारेलाल यांनी गुरूचंच नाव घातलं. सगळ्या देशानं ते नाव गुणगुणलं. त्यामागचा पाया मात्र गावच्या चर्चमधला आहे, जिथे रविवार टाळता येत नसे.

‘पोरगं दिवसभर मोबाईलवर असतं’ ही तुमची दुसरी तक्रार. असेल. मिलानमधला कार्लो अकुतिसही संगणकात बुडालेला मुलगा होता. त्यानं त्याच कौशल्यानं जगभरच्या ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची माहिती गोळा करून संकेतस्थळावर मांडली, आणि आपल्या धर्मग्रामात लहानांना धर्मशिक्षणही दिलं. 2006 साली ल्युकेमियानं तो गेला, तेव्हा पंधरा वर्षांचा होता. 7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केलं. मला त्याच्यापेक्षाही त्याच्या आईची गोष्ट जवळची वाटते. तिनं स्वतःच सांगितलंय की आधी ती चर्चला फारशी जातच नसे, मुलामुळे वळली. तेव्हा मोबाईल हिसकावण्याआधी एकदा फादरांकडे विचारून बघा: मिस्सेच्या वेळा आणि सूचना ग्रुपवर नीट मराठीत टाकायला कुणी हवंय का? हवं असणारच.

काही देणग्या मात्र स्टेजवर चढतच नाहीत, आणि त्यांच्याकडे आपलं लक्ष जात नाही. मागच्या रविवारी कोण आलं नव्हतं हे एखाद्या मुलीच्या बरोबर ध्यानात असतं. ती आईला सांगते, आई चौकशी करते, आणि कळतं की म्हातारबाबा तापानं पडून आहेत. एखादा मुलगा जळका प्लग उघडून वायर परत बसवतो. एखाद्याला कातकरी बोली येते, आणि ती त्याला लपवावीशी वाटते, कारण शाळेत हसतात. त्या मुलाला मी थॉमस स्टीफन्सची गोष्ट सांगते. 1579 साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट, इथल्या माणसांच्या भाषा जीव लावून शिकला, आणि 1616 साली त्याचं मराठी क्रिस्तपुराण छापून निघालं. जवळपास अकरा हजार ओव्या! परक्या माणसानं त्यासाठी आयुष्य घातलं, तुझ्याकडे तर तुझी बोली आईच्या दुधाबरोबर आलीय. वाडीवरच्या आजीला शुभवर्तमान तिच्या बोलीत समजावून सांगणारा आपल्यात तूच.

दहावी लागली की मुलाला क्वायरमधून, वेदीसेवेतून काढून घेणारे पालक दरवर्षी भेटतात. तुमची काळजी खोटी नाही. क्लास, बदलापूर-कल्याणपर्यंतचा प्रवास, मार्क. परीक्षेचे दोन महिने सोडा, माझी हरकत नाही. पण वर्षभर? आठवड्याचा एक तास वाचवून टक्के वाढल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. वाचलेला तो तास कुठे जातो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि एक सांगते, मूल सरावाला जाणार असेल तर तिथे मोठं माणूस कोण, किती वाजेपर्यंत, घरी कोण सोडणार, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. न लाजता विचारा.

दोष आमच्याकडेही आहे. चर्चमध्ये काही करायचं म्हटलं की हाक त्याच चार घरांना जाते. त्यांची मुलं तयार असतात, वेळ वाचतो. बाकीची पोरं मागच्या बाकावर मोठी होतात आणि एक दिवस येईनाशी होतात. हे बदलायचं तर तुम्हालाही पुढे यावं लागेल. 1983 च्या चर्चच्या कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असायलाच हवी, आणि तिला हिशेब कळणारी माणसं लागतात. कारखान्यात वर्षानुवर्षं स्टोअरचा हिशेब चोख ठेवणारे बाबा रविवारी मात्र हाताची घडी घालून बसतात, हे मुलं बघत असतात बरं का. सणाला शंभर माणसांचा भात अंदाजानं बरोबर टाकणाऱ्या आयांनीही ‘आम्हाला काय येतंय’ म्हणायचं सोडावं.

येत्या जूनमध्ये नावनोंदणीच्या कागदावर मी एक ओळ मोकळी ठेवणार आहे. तिथे ‘गायन, नृत्य, चित्रकला’ असं भरू नका. मूल कुणी न सांगता काय करतं, ते लिहा. भांडणं सोडवतं, सायकल खोलतं, धाकट्याला झोपवतं, गोष्टी रचून सांगतं, काहीही. सुचलं नाही तर ओळ कोरी ठेवून आठवडाभर मुलाकडे बघा आणि पुढच्या रविवारी कागद आणून द्या. त्या ओळीच्या खाली दुसरीही एक ओळ असेल, आईवडिलांसाठी. ती कोरी घेणार नाही.